गॉस्पेलचे आभार पुरेत, आता हिशेब मांडा

गॉस्पेल गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात वारल्या. तिथल्याच नॉर्थवुड दफनभूमीत त्यांना पुरलं, आणि त्या जागेवर नावाचा दगड बसायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. २००८ साली चाहत्यांनी गाण्याचा कार्यक्रम करून पैसे जमवले, तेव्हा कुठे तो बसला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं १९८६ साली आपल्या पहिल्याच यादीत चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली आणि लिटल रिचर्ड यांना मानानं घेतलं होतं. थार्प यांचा नंबर लागला २०१८ साली. यातल्या लिटल रिचर्डला तो चौदा वर्षांचा असताना, १९४७ साली, जॉर्जियातल्या मेकन गावी थार्प यांनीच आपल्या कार्यक्रमाआधी गायला उभं केलं होतं. गिटार गळ्यात अडकवून, चर्चचं गाणं नाचायला लावेल अशा ठेक्यात त्या १९३८ पासून रेकॉर्डवर गात होत्या. त्यांचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ १९४५ साली ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा एल्व्हिस दहा वर्षांचा होता.

अमेरिकन संगीताच्या इतिहासात एक वाक्य हमखास येतं: सोल, रॉक, रिदम अँड ब्लूज या सगळ्यांची मुळं गॉस्पेलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीतात, आहेत. वाक्य खरं आहे. माझी तक्रार अशी की ते म्हणून झालं की लिहिणारा लगेच पुढच्या प्रकरणाकडे वळतो. गॉस्पेलला प्रस्तावनेत जागा मिळते. तिथं दोन परिच्छेदांत चर्च, टाळ्या, भक्ती आणि मोठे आवाज यांचं कौतुक होतं आणि खरी गोष्ट सुरू होते ती ते गाणं चर्चबाहेर पडून कुणीतरी विकल्यावर. हे मला मान्य नाही. गॉस्पेल ही पूर्ण, स्वतंत्र, नावागावाच्या माणसांनी विचारपूर्वक घडवलेली कला आहे. तिच्यातून जे उचललं गेलं त्याचा मोबदला केवळ कौतुकानं फिटत नाही. तो फिटला नाही यामागं काही माणसांची हाव आहे, पण त्याहून मोठं कारण कायद्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना बदलता येते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गॉस्पेल म्हणजे गुलामीच्या काळातली जुनी गाणी नव्हेत. त्या गाण्यांना स्पिरिच्युअल म्हणतात आणि त्यांचे कर्ते अज्ञात आहेत. जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली ते साल १८७३. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले तरुण गायक, त्यातले बरेचसे गुलामीत जन्मलेले, इंग्लंडच्या राणीसमोर स्पिरिच्युअल गात होते. गॉस्पेल त्यानंतर दोन पिढ्यांनी आलं, आणि ते शहरात घडलं. दक्षिणेतून रेल्वेनं शिकागोला येऊन कत्तलखान्यांत, कारखान्यांत आणि लोकांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचं हे संगीत. १९३० च्या दशकातलं, छापील, विकत मिळणारं, कर्त्याचं नाव वर असलेलं.

ते नाव बहुतेक वेळा टॉमस डॉर्सी यांचं असे. हा माणूस आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूजचा पियानो वाजवायचा, ब्लूज गायिका मा रेनींच्या साथीला असायचा, आणि १९२८ साली त्यानं टॅम्पा रेडबरोबर केलेलं एक चावट गाणं तुफान खपलं होतं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेले असताना इकडे शिकागोत बाळंतपणात त्यांची पत्नी नेटी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं. ही हकिकत सगळे सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण त्याच वर्षी डॉर्सींनी केलेली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी स्वतःच्या गाण्यांचं प्रकाशन सुरू केलं. सॅली मार्टिन नावाची गायिका त्यांच्याबरोबर गावोगाव फिरली. ती चर्चमध्ये गाणं म्हणून दाखवायची, गायकवृंद बसवून द्यायची आणि छापील गाण्यांचे कागद विकायची. कुठल्या पेटीत किती पैसे आले याची चोख नोंद ठेवणारी ती बाई होती. तिनं पुढे केनेथ मॉरिस यांच्याबरोबर १९४० साली स्वतःची प्रकाशन संस्था काढली. याच मॉरिस यांनी त्याच्या एक वर्ष आधी शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये हॅमंड ऑर्गन हे विजेवर चालणारं वाद्य आणलं होतं. आज त्या वाद्याचा आवाज कानावर पडला की अमेरिकन चर्च डोळ्यांसमोर येतं. त्याआधी ते चर्चचं नेहमीचं वाद्य नव्हतं, ते कुणीतरी निवडून आणलं.

मला या निवडी महत्त्वाच्या वाटतात. ‘मुळं’ म्हटलं की असं वाटतं की हे सगळं जमिनीतून आपोआप उगवलं. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, एका शब्दावर सहा-सात सुरांची हरकत, मुख्य गायिकेच्या ओळीवर मागच्यांनी चढत चढत दिलेलं उत्तर, शेवट आला असं वाटतानाच लय वाढवून पुन्हा सुरुवात, या गोष्टींवर कुणीतरी रियाज केलेला आहे, कुणीतरी त्या आपल्या नावावर गाजवल्या आहेत. गॉस्पेल गायिका मॅरियन विल्यम्स उंच स्वरात जी ‘ऊ’ची किलकारी मारायच्या, ती लिटल रिचर्डनं उचलली आणि तसं त्यानं स्वतः सांगितलं. त्याच्याकडून ती बीटल्सनी घेतली आणि १९६३-६४ साली अख्ख्या जगातल्या मुलामुलींनी ती ऐकली. ती ऐकताना मॅरियन विल्यम्स हे नाव किती जणांना ठाऊक असेल? १९९३ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळाली, पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आता महेलिया जॅक्सन. न्यू ऑर्लिन्सला १९११ साली जन्मलेल्या, विशी गाठण्याआधीच शिकागोला आलेल्या, इतरांच्या घरी धुणी धुऊन दिवस काढलेल्या. मेम्फिसचे धर्मोपदेशक हर्बर्ट ब्रूस्टर यांनी लिहिलेलं ‘मूव्ह ऑन अप अ लिट्ल हायर’ त्यांनी १९४७ साली गायलं. गाणं इतकं लांब की तबकडीच्या दोन बाजूंना विभागून घालावं लागलं. ती तबकडी दहा लाखांहून अधिक खपली. १९५० साली त्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. १९५६ साली शिकागोच्या एका गोऱ्या वस्तीत घर घेतलं तर त्यांच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षाअखेर त्या बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसबहिष्कार करणाऱ्या माँटगोमेरीच्या लोकांसाठी गायला गेल्या. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते, तेव्हा “मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग” असं मागून ओरडून सांगणारा आवाज महेलियांचाच होता, असं तिथं जवळ असलेल्यांनी नोंदवून ठेवलंय. किंग यांच्या अंत्यविधीला त्यांनी डॉर्सींचं ‘प्रेशस लॉर्ड’ गायलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षभरात, १९७१ साली, त्या भारतात आल्या, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत गायल्या. दिल्लीत त्यांना ऐकायला इंदिरा गांधी आल्या होत्या.

या बाईंनी आयुष्यभर ब्लूज गायचं नाकारलं. क्लबवाल्यांनी मोठमोठे आकडे पुढे केले तरी त्या गेल्या नाहीत. यावरून एक सोयीचा निष्कर्ष काढला जातो: ही मंडळी देवासाठी गात होती, त्यांना पैशाचं काय! मला हा युक्तिवाद अन्यायाचा वाटतो. महेलिया रोख रक्कम हातात पडल्याशिवाय मंचावर पाऊल ठेवत नसत. आयोजकांनी इतक्या वेळा फसवलं होतं की नोटा त्या अंगावरच बाळगायच्या. चर्चमध्ये गाणं ही श्रद्धा होती, आणि त्यावर घर चालत होतं. भक्तीनं काम करणाऱ्याला मजुरी कमी दिली तरी चालते, असं कुठल्याच धर्मात सांगितलेलं नाही.

शिवाय तेव्हाच्या कायद्याकडे पाहा. महेलियांची तबकडी अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर हजारो वेळा वाजली असेल. प्रत्येक वेळी गाण्याचा लेखक आणि प्रकाशक यांच्या नावावर काही पैसे जमा व्हायचे. गाणाऱ्या बाईला त्यातलं काहीही नाही. अमेरिकेत हवेतून प्रसारित होणारा नेहमीचा रेडिओ गायकाला, वादकाला, गायकवृंदाला तेव्हाही पैसे देत नव्हता आणि आजही देत नाही. लोकशाही देशांमध्ये ही गोष्ट अपवादात्मक आहे. भरीला १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची ध्वनिमुद्रणं संघराज्याच्या कॉपीराइट कायद्यात बसतच नव्हती, म्हणून उपग्रह आणि इंटरनेटवरचा रेडिओ आला तरी त्या जुन्या रेकॉर्डचे पैसे कलाकारापर्यंत पोचण्याची हमी नव्हती. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नवा कायदा होऊन ती फट बुजली. गॉस्पेलचा सगळ्यात भरभराटीचा काळ म्हणजे १९४५ ते १९६५. अख्खाच्या अख्खा त्या फटीत पडला होता.

इथं मी ज्याला मुख्य दोष समजतो त्याकडे येतो. कॉपीराइट कागदावर लिहिता येणारी चाल आणि शब्द ओळखतो. गॉस्पेलमध्ये निर्मिती घडते ती गळ्यात, ठेक्यात आणि मागच्या साठ माणसांच्या उत्तरात. आपल्याकडे रागसंगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: बंदीश सगळ्यांची असते, गायकी ज्याची त्याची. अमेरिकन कायद्यानं बंदिशीवर मालकी दिली आणि गायकी वाऱ्यावर सोडली.

एक उदाहरण तर मन सुन्न करणारं आहे. एडविन हॉकिन्स या तरुणानं १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एका चर्चमध्ये तरुणांचा गायकवृंद जमवून एक रेकॉर्ड केली. वॉशिंग्टनच्या युवा संमेलनाला जायचा खर्च निघावा म्हणून पाचशेच्या आसपास प्रती काढल्या होत्या. त्यातलं ‘ओ हॅपी डे’ रेडिओवर गेलं आणि १९६९ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोचलं. मुख्य आवाज डोरोथी मॉरिसन यांचा. शब्द अठराव्या शतकातल्या एका इंग्रज स्तोत्राचे, म्हणजे सार्वजनिक. हॉकिन्स यांनी जे नवं केलं ते सगळं लय, स्वरसंवाद आणि गायकवृंदाच्या झेपेत होतं. जॉर्ज हॅरिसननं ते ऐकलं आणि त्यातून त्याचं ‘माय स्वीट लॉर्ड’ आलं, ज्यात मागचा वृंद हालेलुयावरून ‘हरे कृष्ण’वर जातो. प्रेरणा ‘ओ हॅपी डे’ची, हे हॅरिसननं मोकळेपणानं सांगितलं. पुढे त्याच्यावर खटला झाला आणि १९७६ साली तो हरला. पण खटला भरला होता तो ‘हीज सो फाइन’ या वेगळ्याच पॉप गाण्याच्या मालकांनी, कारण त्या गाण्याची स्वरावली ‘माय स्वीट लॉर्ड’शी जुळत होती. कलाकार ज्याचं ऋण मान्य करतो त्याच्याबद्दल कायद्याला काही म्हणायचं नाही, आणि जे त्यानं न्यायाधीशांच्या मते नकळत घेतलं त्याची किंमत मात्र मोजावी लागते. न्यायाधीशांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांच्या हाती जो कायदा होता, त्याला दिसणाऱ्या वस्तू तेवढ्याच होत्या.

दुसरी हकिकत रोलिंग स्टोन्सची. त्यांचं १९६५ चं ‘द लास्ट टाइम’ हे ‘धिस मे बी द लास्ट टाइम’ या पारंपरिक गॉस्पेल गाण्यावर बेतलेलं आहे, जे पॉप्स स्टेपल्स यांच्या कुटुंबाच्या स्टेपल सिंगर्सनी १९५० च्या दशकात गायलं होतं. कीथ रिचर्ड्सनं हे पुढे सरळ सांगितलं. रेकॉर्डवर नावं मात्र जॅगर आणि रिचर्ड्स अशी दोनच. तीस-बत्तीस वर्षांनी, १९९७ साली, ‘द व्हर्व्ह’ या इंग्रज बँडनं ‘बिटर स्वीट सिंफनी’ केलं. त्यात ‘द लास्ट टाइम’च्या वाद्यवृंदी रूपांतरातला तुकडा वापरला होता. परवानगी घेतली होती, पण घेतली त्यापेक्षा जास्त वापरलं असा दावा झाला आणि त्या गाण्याचं श्रेय आणि लेखनाचे पैसे जॅगर-रिचर्ड्सकडे गेले. ‘द व्हर्व्ह’चा गायक-गीतकार रिचर्ड ॲशक्रॉफ्टला ते २०१९ मध्ये परत मिळाले. या सगळ्या वर्षांमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी ॲशक्रॉफ्टवरच्या अन्यायाबद्दल लिहिलं. मलाही तो अन्याय वाटतो. पण स्वतः चर्चमधून आणलेल्या सामानावर मालकी सांगून दुसऱ्याची पूर्ण कमाई घेता येते, ही त्यातली सगळ्यात गंभीर बाब तळटीपेत गेली.

याच्या शेजारी क्लॉड जेटर यांची गोष्ट ठेवायला हवी. जेटर हे वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणीतले मजूर. १९३८ साली त्यांनी खाणकामगारांची चौकडी जमवली, तीच पुढे ‘स्वान सिल्व्हरटोन्स’. त्यांच्या खोट्या सुरात, म्हणजे पुरुषाच्या गळ्यातून निघणाऱ्या त्या पातळ, उंच आवाजात, जी नजाकत होती ती सोल गायक अल ग्रीनपर्यंत पोचली. १९५९ च्या त्यांच्या ‘मेरी डोन्ट यू वीप’ या गाण्यात जेटर मध्येच उत्स्फूर्तपणे एक ओळ टाकतात: माझ्या नावावर विश्वास ठेव, खोल पाण्यावरचा पूल मी होईन. पॉल सायमननं ती ऐकली आणि १९७० साली ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ आलं. सायमननं हे लपवलं नाही. पुढे जेटरना भेटून त्यानं एक धनादेशही दिला, असं सांगतात. सायमन सज्जनपणे वागला, याबद्दल त्याला पुरेपूर मान. पण जेटर यांना जे मिळालं ते सायमनच्या सज्जनपणावर अवलंबून होतं. एखाद्या कामगाराला मालक भला निघाला तर पगार आणि नाही निघाला तर काही नाही, अशी व्यवस्था आपण दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालवून घेऊ?

लोलिएटा हॉलोवे यांच्याबाबतीत तर आवाजच नेला. अल्बर्टिना वॉकर यांच्या ‘कॅरव्हॅन्स’ या नामांकित गॉस्पेल मंडळीतून त्या तयार झाल्या, मग डिस्कोकडे वळल्या. १९८० साली त्यांनी गायलेल्या ‘लव्ह सेन्सेशन’चे तुकडे कापून ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन गटानं १९८९ साली ‘राइड ऑन टाइम’ केलं. ब्रिटनमध्ये त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल ते. दूरचित्रवाणीवर एक तरुण मॉडेल ओठ हलवत होती आणि गळा हॉलोवेंचा होता. त्या भांडल्या, वकील गाठले, तेव्हा तडजोड झाली. गायिका मार्था वॉश यांनाही असाच अनुभव आल्यावर त्या कोर्टात गेल्या, आणि त्यानंतर अमेरिकेत गाणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर देण्याची शिस्त आली. बायका भांडल्या म्हणून ती आली.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातला एक वजनदार आहे. गॉस्पेलनं तरी काय स्वतःचं सगळं स्वतः बनवलं? ‘प्रेशस लॉर्ड’ची चाल डॉर्सींनी एका जुन्या गोऱ्या स्तोत्रावरून घेतली. ब्लूजचा ठेका त्यांनी दारूच्या अड्ड्यांवरून चर्चमध्ये आणला आणि त्यासाठी मोठ्या, प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनी सुरुवातीला त्यांना दारातून परत पाठवलं. संगीत असंच चालतं, घेत-देत. हे मला मान्य आहे. घेण्यावर बंदी आली तर संगीत मरेल. त्यामुळेच २०१५ साली ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यावर सोल गायक मार्व्हिन गे यांच्या वारसांच्या बाजूनं ज्युरीनं जो निकाल दिला, त्यानं मी अस्वस्थ आहे. मार्व्हिन गे हाही चर्चमध्येच वाढलेला, माझी सगळी माया त्याच्याकडे आहे. तरीही एखाद्या गाण्याच्या एकंदर ढंगावर मालकी देणं हा घातक रस्ता आहे. उद्या मॅरियन विल्यम्स यांच्या किलकारीवर कुणा कंपनीनं हक्क सांगितला तर पुढच्या मुलीनं चर्चमध्ये तोंड उघडायचं की नाही? मला किलकारीवर कुंपण नको आहे. मला एवढंच हवंय की जिचा आवाज प्रत्यक्ष वाजतो, त्या वाजण्याचे पैसे तिला किंवा तिच्या माणसांना मिळावेत.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतला. शोषण फक्त गोऱ्या कंपन्यांनी केलं असं चित्र उभं करणं खोटं ठरेल. गॉस्पेल गायिका क्लारा वॉर्ड यांच्या मंडळीचा व्यवहार त्यांच्या आई गर्ट्रूड वॉर्ड पाहायच्या. मंडळी गाजत होती, पैसा येत होता, आणि गायिकांना तुटपुंजे पगार मिळत होते. १९५८ साली मॅरियन विल्यम्स आणि इतर जणी बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘स्टार्स ऑफ फेथ’ काढली, त्यामागं हेच कारण होतं. आणि जी गायिका क्लबमध्ये गेली तिला चर्चनं काय वागणूक दिली? थार्प यांनी न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये गायल्यावर त्यांच्याच पंथातल्या लोकांनी पाठ फिरवली. १९५६ साली सॅम कुकनं पहिलं पॉप गाणं ‘डेल कुक’ या खोट्या नावानं काढलं, कारण तो ज्यात गायचा त्या ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल मंडळीचे श्रोते बिथरतील ही धास्ती. गाणाऱ्यांना बाहेरचा बाजार लुटत होता आणि घरचे बाहेर जाऊ देत नव्हते. याची जबाबदारी चर्चनंही घ्यायला हवी, नुसत्या जुन्या फोटोंना हार घालून चालणार नाही.

जे चांगलं घडलं तेही सांगतो. आपल्या शाळांमधून ‘हम होंगे कामयाब’ म्हटलं जातं, त्याचं मूळ ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याच्या घडणीत जुन्या स्पिरिच्युअलचा, फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका स्तोत्राचा, आणि १९४५ साली चार्ल्स्टनला संपावर गेलेल्या तंबाखू कारखान्यातल्या कृष्णवर्णीय बायकांचा हात असल्याचं मानलं जातं. १९६० च्या सुमाराला लोकगायक पीट सीगर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या नावावर त्याचा कॉपीराइट नोंदला गेला. त्या चौघांपैकी कुणीही कृष्णवर्णीय नव्हतं. पण त्यांनी लेखनाचे पैसे खिशात घातले नाहीत, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामासाठी निधी केला. आणि २०१८ च्या जानेवारीत कोर्टातल्या तडजोडीनंतर ते गाणं सगळ्यांसाठी खुलं झालं. म्हणजे इच्छा असेल तर कायद्याच्या चौकटीतही वाटा काढता येतात. पैसे समूहाकडे वळवता येतात, हे या गाण्यानं दाखवून दिलंय. गायकवृंदांच्या बाबतीत हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो. साठ जणांच्या वृंदातल्या प्रत्येकाचा वारस शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या चर्चच्या संगीतशाळेकडे तो वाटा जावा.

जतनाचा प्रश्नही पैशाइतकाच निकडीचा आहे. डॉर्सींनी जिथं दशकानुदशकं गायकवृंद चालवला ते शिकागोचं पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च २००६ च्या जानेवारीत जळालं, भिंती तेवढ्या उरल्या. गॉस्पेलच्या शेकडो छोट्या तबकड्या अशा कंपन्यांनी काढल्या ज्यांचा आज पत्ता नाही. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात रॉबर्ट डार्डेन यांनी त्या शोधून, साफ करून, डिजिटल रूपात आणण्याचं काम उभं केलं. २००५ साली त्यांनी वर्तमानपत्रात एक लेख लिहून हे संगीत नष्ट होतंय असं बजावलं होतं, त्यातून ते सुरू झालं. त्यातलं काही वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात ऐकायला मिळतं. हे काम एका विद्यापीठाच्या आणि काही देणगीदारांच्या भरवशावर आहे. ज्या कंपन्यांच्या ताब्यात आज ॲपोलो, सॅव्हॉय, स्पेशल्टी या गॉस्पेलच्या रेकॉर्ड कंपन्यांचे जुने साठे आहेत, त्यांनी त्याचा खर्च उचलायला हवा. कमाई त्यांची आहे, तर जपणूकही त्यांचीच.

आणि शिकवण्याचा भाग. १९७२ च्या जानेवारीत अरीथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायल्या. पियानोवर जेम्स क्लीव्हलँड, म्हणजे लहानपणी डॉर्सींच्या वृंदात गायलेला मुलगा. श्रोत्यांत क्लारा वॉर्ड. अरीथांनी गाणं ऐकून शिकलं ते क्लारा वॉर्ड यांच्याकडून. त्या ध्वनिमुद्रणाचं वर्णन ‘सोलची राणी आपल्या मुळांकडे परतली’ असं केलं जातं. मला ते पटत नाही. ते ऐकताना परतण्याचा भाव मला कुठंच सापडत नाही. एका घराण्याच्या तीन पिढ्या एका खोलीत आहेत, आणि सगळ्यात धाकटी आपलं सर्वोत्तम गाणं त्या घराण्याच्याच रीतीनं गातेय. अरीथांच्या इतर कुठल्याही रेकॉर्डपेक्षा मी ती वरची मानतो. संगीताच्या अभ्यासक्रमात तिला सोलच्या धड्याची पुरवणी म्हणून ठेवणं चूक आहे. तिच्यापासून धडा सुरू व्हायला हवा, आणि तिच्यामागे जेटर, विल्यम्स, ब्रूस्टर, सॅली मार्टिन यांची नावं परीक्षेला यायला हवीत.

राहता राहिला रेडिओ. कलाकारांना रेडिओवरच्या प्रत्येक वादनाचे पैसे मिळावेत यासाठीचं विधेयक २०२१ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, नंतरही पुन्हा आणलं गेलं. रेडिओ कंपन्यांचं म्हणणं तेच आहे जे ८० वर्षांपूर्वी होतं: आम्ही वाजवतो म्हणून रेकॉर्ड खपतात, जाहिरात फुकट होते, अजून पैसे कशाला? १९४८ साली हे काही अंशी खरं असेल. आज तबकडी कोण विकत घेतं? छोट्या केंद्रांना वर्षाकाठी अगदी नाममात्र रक्कम ठरवून द्यायची तरतूद त्या विधेयकात आहेच, त्यामुळे गावातलं चर्चचं रेडिओ केंद्र बंद पडेल ही भीतीही दाखवता येत नाही. पॉप्स स्टेपल्स यांच्या कन्या मेव्हिस स्टेपल्स १९३९ च्या. आपल्या वडिलांच्या गिटारमागं उभं राहून त्यांनी १९५६ साली ‘अनक्लाउडी डे’ गायलं, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. तो आवाज सत्तर वर्षं वाजतोय. त्या वाजण्याचा कायदेशीर मोबदला त्यांच्या हयातीत सुरू व्हावा, आणि ते काम काँग्रेसनं आणखी एका अधिवेशनावर ढकलू नये.